फक्त अंतर कळतं, दिशा नाही: फिरत्या सेन्सरने सिग्नलचा उगम कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ड्रोनवर रिसीव्हर बसवला आहे. जमिनीवरच्या बीकनपर्यंतचं (म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या छोट्या यंत्रापर्यंतचं) अंतर तो सेकंदाला काही वेळा सांगतो, दिशा मात्र सांगत नाही. ड्रोन स्वतः कुठे आहे ते जीपीएसवरून कळतं. सरळ उडत गेलं की उत्तर कधी मार्गाच्या डावीकडे येतं, कधी उजवीकडे, आणि रीडिंग कितीही वाढवली तरी ते स्थिरावत नाही. तर किती रीडिंग घ्यावीत आणि कुठला अल्गोरिदम वापरावा?

या दोन्ही गोष्टींकडे मी येतो, पण त्याआधी उडण्याच्या मार्गाबद्दल बोलायला हवं. या कामात उत्तराचा दर्जा सगळ्यात जास्त ठरतो तो रीडिंग कुठून कुठून घेतली यावरून. मार्ग चुकीचा असेल तर जगातला कुठलाही अल्गोरिदम उत्तर देऊ शकत नाही, कारण त्या आकड्यांत ते उत्तरच नसतं. मार्ग बरोबर असेल तर साध्या गणितानेही काम भागतं.

एका अंतरावरून एवढंच कळतं की उगम, म्हणजे इथे बीकन, त्या त्रिज्येच्या वर्तुळावर कुठेतरी आहे. दुसऱ्या जागेवरून दुसरं वर्तुळ मिळतं आणि ती दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. खरं ठिकाण कुठलं ते ठरवायला तिसरी जागा लागते, आणि ती पहिल्या दोन जागांना जोडणाऱ्या रेषेच्या बाहेर असावी लागते. सरळ उडताना नेमकं हेच होत नाही. हजार रीडिंग घेतली तरी प्रत्येक वर्तुळाचं केंद्र त्याच रेषेवर असतं. उगम डावीकडे ५० मीटरवर असो की उजवीकडे ५० मीटरवर, सगळी अंतरं तंतोतंत सारखीच येतात. तुमच्या प्रोग्राममध्ये दोष नाही. तो दोन समसमान उत्तरांपैकी एक निवडतोय, आणि रीडिंगमधल्या किरकोळ चुकांप्रमाणे निवड बदलतेय.

त्रिमितीत हे आणखी अवघड होतं. सरळ रेषेवरून घेतलेल्या अंतरांवरून उगम त्या रेषेभोवतीच्या अख्ख्या कड्यावर कुठेही असू शकतो. एकाच उंचीवर वळणं घेत उडालात तरी वर आणि खाली असे दोन पर्याय उरतात. बीकन जमिनीवर आहे हे तुम्हाला माहीत असल्यामुळे तुमचा तो प्रश्न सुटतो. बहुमजली इमारतीत किंवा पाण्यात मधल्याच खोलीवर काम करणाऱ्याचा सुटत नाही.

एक दुसऱ्याचं प्रतिबिंब असावं अशा या दोन उत्तरांचं, या आरशातल्या जोडीचं, जगाने पाहिलेलं उदाहरण म्हणजे एमएच ३७० हे विमान. ८ मार्च २०१४ रोजी ते बेपत्ता झालं, तेव्हा हाती होती ती मुख्यतः हिंदी महासागरावरच्या इनमारसॅट उपग्रहाशी झालेल्या संदेशांची नोंद. संदेश जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून उपग्रह ते विमान हे अंतर निघत होतं, आणि त्या अंतरातून पृथ्वीच्या पृष्ठभागावर कंस काढता येत होते. तिथे सेन्सर जवळजवळ स्थिर होता आणि उगम फिरत होता, पण भूमिती हीच. विमान उत्तरेला गेलं की दक्षिणेला, हे अंतरांवरून ठरेना. ते ठरलं वेगळ्याच मापावरून: सिग्नलच्या वारंवारतेतल्या बदलावरून, म्हणजे डॉप्लरवरून. तो उपग्रह विषुववृत्तावर पूर्ण स्थिर नव्हता, उत्तर-दक्षिण थोडा हलत होता. त्या हालचालीमुळे दोन्ही बाजूंची समरूपता मोडली आणि दक्षिणेचा पर्याय उरला. शेवटच्या, म्हणजे सातव्या कंसावर विमान नेमकं कुठे होतं, हे मात्र अंतरावरून कळणार नव्हतं. म्हणूनच समुद्रातला शोध त्या लांबलचक कंसाच्या आजूबाजूलाच फिरत राहिला.

आता आकड्यांकडे वळू, कारण मार्गाचा परिणाम आकड्यांत दिसला की तो विसरता येत नाही. ड्रोनच्या तीन जागा घ्या: अ (०, ०), ब (६०, ०) आणि क (६०, ४०), सगळं मीटरमध्ये. उगम खरोखर (२०, ५०) वर आहे. उंची तूर्त सोडून देऊ. मग अंतरं येतील अनुक्रमे ५३.८५, ६४.०३ आणि ४१.२३. त्यांचे वर्ग २९००, ४१०० आणि १७००. उगमाचे निर्देशक क्ष आणि य मानले तर अ वरून क्ष² + य² = २९००, आणि ब वरून (क्ष − ६०)² + य² = ४१००. दोन्हींची वजाबाकी केली की वर्गाची पदं उडतात आणि १२० क्ष − ३६०० = −१२०० उरतं, म्हणजे क्ष = २०. तसंच ब आणि क यांच्या वजाबाकीतून ८० य − १६०० = २४००, म्हणजे य = ५०. वर्गांची वजाबाकी करून समीकरण सरळ करण्याची ही युक्ती सगळीकडे वापरली जाते. जास्त रीडिंग असतील तर हीच समीकरणं लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून, सोडवायची.

समजा, ब वरचं अंतर १ मीटरने जास्त वाचलं गेलं. आता क्ष येतो १८.९ आणि य येतो ५१.६. म्हणजे एक मीटरच्या चुकीमुळे उत्तर साधारण दोन मीटर हललं. हे चालण्यासारखं आहे.

आता फक्त क बदला. ड्रोन ४० मीटर वळण्याऐवजी जेमतेम ४ मीटर वळला, म्हणजे क (६०, ४). चूक तीच, ब वरची १ मीटर. वजाबाकीचं समीकरण आता ८ य − १६ असं होतं आणि उत्तर येतं य = ६६.१. तोच सेन्सर, तीच चूक, तेवढीच रीडिंग, आणि उत्तर १६ मीटर लांब गेलं. आधी ८० ने भागत होतो, आता ८ ने भागतो; चुकीचा परिणाम दहापट झाला. सरळ मार्गावर हा भाजक शून्य होतो आणि तिथे गणितच थांबतं.

पण इथेच थांबलं तर अर्धीच गोष्ट कळते, आणि या अर्ध्या गोष्टीमुळे पुष्कळजण चांगली रीडिंग फेकून देतात. त्याच वाईट मार्गावरची अ आणि ब ही दोनच अंतरं घ्या, चूक तशीच ठेवा, आणि वर्तुळं खरोखर छेदून पाहा. क्ष १८.९ येतो आणि य येतो अधिक किंवा उणे ५०.४. म्हणजे उगम रेषेपासून किती लांब आहे, हे दोन अंतरांतूनच अर्ध्या मीटरच्या आत कळत होतं! कुठल्या बाजूला, एवढंच कळत नव्हतं. ते क सांगतो: वरच्या पर्यायापासून क चं अंतर ६२.० यायला हवं, खालच्या पर्यायापासून ६८.२, आणि मोजलेलं आहे ६०.९६. बाजू ठरली, आणि अंतरही चांगलं मिळालं. मग वजाबाकीच्या युक्तीने १६ मीटरचा घोळ का केला? कारण वर्गाची पदं उडवताना तिने त्यातली माहितीही उडवली. य किती हे जे पद नीट सांगत होतं, तेच बाहेर गेलं, आणि सगळा भार त्या ४ मीटरच्या वळणावर पडला.

म्हणून माझा ठाम सल्ला: वजाबाकीची पद्धत फक्त सुरुवातीचा अंदाज मिळवायला वापरा. त्यानंतर मूळ अंतरांवर, वर्ग न करता, गॉस-न्यूटन किंवा लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट या टप्प्याटप्प्याने जवळ जाणाऱ्या पद्धतीने उत्तर सुधारून घ्या. सुधारणा दोन ठिकाणांहून सुरू करा: आलेल्या अंदाजापासून आणि मार्गाच्या पलीकडे असलेल्या त्याच्या प्रतिबिंबापासून. ज्या ठिकाणी शिल्लक फरकांच्या (मोजलेलं अंतर आणि उत्तरावरून येणारं अंतर यांतल्या फरकांच्या) वर्गांची बेरीज कमी येईल ते उत्तर. दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या आल्या, तर निर्णय झालेला नाही हे मान्य करा आणि ड्रोनला वळण घ्यायला लावा. एकच अंदाज धरून सुधारत बसलात तर पद्धत चुकीच्या बाजूच्या खळग्यात अडकते आणि तिथून स्वतःहून बाहेर येत नाही.

सरळ मार्ग का चालत नाही याचं एक समीकरण मला फार आवडतं. ड्रोनची जागा आणि उगमापर्यंतचं अंतर दोन्ही सतत माहीत आहेत असं समजा. ड्रोनच्या आरंभबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग घ्या, त्यातून उगमापर्यंतच्या अंतराचा वर्ग वजा करा आणि निम्मं करा. ही राशी ज्या दराने बदलते, तो दर म्हणजे उगमाचा स्थान-सदिश आणि ड्रोनचा वेग-सदिश यांचा बिंदू-गुणाकार. दुसऱ्या शब्दांत, प्रत्येक क्षणी तुम्हाला उगमाच्या जागेचा तेवढाच घटक कळतो जो तुमच्या उडण्याच्या दिशेत आहे. उत्तरेकडे उडताना उत्तर-दक्षिण निर्देशक कळतो, पूर्वेकडे उडताना पूर्व-पश्चिम. दिशा कधी बदललीच नाही तर दुसरा घटक या समीकरणात कधी येतच नाही. नियंत्रणशास्त्रात याला मार्ग पुरेसा उत्तेजक असावा लागतो असं म्हणतात, आणि उगम हळूहळू सरकत असेल तर हे वळणं घेणं एकदाच करून भागत नाही, चालूच ठेवावं लागतं. एक सावधगिरी: हा दर काढायला लागोपाठच्या दोन रीडिंगची वजाबाकी करून वेळेने भागू नका. अंतरातली चूक त्यात प्रचंड वाढते. लांब अंतरावरच्या दोन जागांमधला फरक घ्या, किंवा सगळी रीडिंग एकत्र सोडवा.

उगम लांब असेल तर काय होतं तेही पाहून ठेवा. उगम १ किलोमीटरवर आहे, तुम्ही दृष्टिरेषेला, म्हणजे ड्रोन ते उगम या रेषेला, काटकोनात १०० मीटर उडालात, आणि प्रत्येक अंतरात १ मीटरची चूक आहे. दोन टोकांवरच्या अंतरांच्या फरकात साधारण १.४ मीटर चूक असेल. ती १०० मीटरवर पसरली की दिशेत ०.०१४ रेडियन, आणि १ किलोमीटरवर आडव्या दिशेत १४ मीटर. दृष्टिरेषेच्या दिशेतली चूक मात्र मीटरभरच राहते. म्हणजे उगमाच्या जागेची अनिश्चितता गोल नसते. ती लंबवर्तुळासारखी लांबट असते आणि तिची लांब बाजू दृष्टिरेषेला आडवी असते. यावरून पुढे कुठे जायचं तेही ठरतं: अंतराचं माप फक्त दृष्टिरेषेच्या दिशेत माहिती देतं, म्हणून अशा जागी जा जिथून उगमाकडे पाहताना नजर त्या लंबवर्तुळाच्या लांब बाजूच्या दिशेत जाईल. आधी जवळ जायचं, मग भोवती फिरायचं, हा अनुभवी लोकांचा क्रम याच कारणाने आहे.

भोवती फिरण्याचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक अंतर मोजणाऱ्या यंत्रात कायमची काही वाढ असते: केबलमधला उशीर, बीकनच्या सर्किटमधला उशीर, नीट न जुळवलेलं घड्याळ. समजा सगळी अंतरं २ मीटर जास्त येतात. तुम्ही एकाच बाजूला असाल तर ते २ मीटर सरळ उत्तरात जातात, उगम तेवढा लांब दिसतो. ती वाढ अज्ञात राशी म्हणून समीकरणात घातली तरी एका बाजूने ती सुटत नाही. वरच्याच उदाहरणात १०० मीटरच्या उड्डाणात वर्तुळाची वक्रता अवघ्या सव्वा मीटरची दिसते. १ मीटर चुकीच्या रीडिंगमध्ये तेवढ्यावरून अंतर आणि वाढ वेगळी करणं शक्य नाही. पण उगमाभोवती पूर्ण फेरी मारली की उत्तरेकडची २ मीटरची ओढ दक्षिणेकडच्या २ मीटरच्या ओढीने खोडली जाते. त्रिज्या चुकते, केंद्र जागेवरच राहतं. आणि आपल्याला केंद्रच हवं असतं.

समुद्रतळावरचा ट्रान्सपॉन्डर (विचारणा आली की उत्तराचा सिग्नल पाठवणारं यंत्र) नेमका कुठे बसला आहे ते ठरवणारी जहाजं हेच करतात. जहाज ट्रान्सपॉन्डरच्या वर, साधारण पाण्याच्या खोलीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मारतं आणि प्रत्येक ठिकाणाहून ध्वनीने अंतर मोजतं. पाण्यात आवाजाचा वेग साधारण सेकंदाला १५०० मीटर, पण तो तापमान, क्षारता आणि दाबाप्रमाणे बदलतो. वेग १ मीटरने चुकीचा धरला तर १००० मीटर अंतरात सुमारे ६७ सेंटिमीटरची चूक येते. ती सगळीकडे सारखी असल्याने आडव्या जागेत जवळजवळ खोडली जाते आणि खोलीत जाऊन बसते. ही पद्धत किती पुढे नेता येते ते ११ मार्च २०११ च्या तोहोकु भूकंपानंतर दिसलं. जपानच्या तटरक्षक दलाने समुद्रतळावर आधीच ठेवलेल्या ट्रान्सपॉन्डरांची जागा जहाजावरून पुन्हा मोजली, तेव्हा भूकंपाच्या केंद्राजवळचा तळ सुमारे २४ मीटर सरकल्याचं कळलं. जहाजाची जागा जीपीएसवरून आणि जहाज ते तळ हे अंतर ध्वनीवरून, म्हणजे तुमचंच गणित, काही किलोमीटर पाण्यातून.

ड्रोनच्या बाबतीत उंचीचा एक सापळा आहे. रिसीव्हर देतो ते तिरकं अंतर. उंची ६० मीटर आणि तिरकं अंतर १०० मीटर असेल तर आडवं अंतर ८० मीटर. जवळ गेलं की अचूकता वाढेल असं वाटून लोक थेट डोक्यावर जातात, आणि तिथेच आडवी माहिती संपते. ६० मीटर उंचीवरून आडवं अंतर शून्यावरून १० मीटर झालं, तर तिरकं अंतर ६० वरून फक्त ६०.८३ होतं. दहा मीटर सरकल्याची खूण ८३ सेंटिमीटर, आणि तुमची चूक १ मीटर. म्हणून फेरीची त्रिज्या उंचीएवढी किंवा त्याहून जास्त ठेवा. बीकन किती खाली आहे ते हवं असेल तर मग एकदा डोक्यावरून जा. उंचीसाठी ती जागा उत्तम.

आता अंतर कसं मोजलं जातं ते, कारण चुकीचा स्वभाव त्यावर ठरतो. रेडिओच्या वेळेवरून मोजत असाल तर १ नॅनोसेकंद म्हणजे ३० सेंटिमीटर. दोन घड्याळं तेवढी जुळवणं अवघड, म्हणून ड्रोनने विचारायचं, बीकनने ठरावीक वेळाने उत्तर द्यायचं, आणि एकूण वेळेतून ती ठरावीक वेळ वजा करून निम्मं करायचं. त्यातही बीकनचं घड्याळ चालवणारं क्रिस्टल थोडं पुढेमागे धावतं. बीकन उत्तरासाठी ३०० मायक्रोसेकंद थांबत असेल आणि दोन घड्याळांत दहा लाखांत २० एवढा फरक असेल, तर ६ नॅनोसेकंदांची चूक येते. निम्मी केली की ३ नॅनोसेकंद, म्हणजे ९० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंनी विचारणा करणारी पद्धत ही चूक जवळपास घालवते. तुमच्याकडे अल्ट्रा-वाइडबँड मॉड्यूल (रेडिओच्या वेळेवरून अंतर मोजणारा भाग) असेल आणि त्यात ती सोय असेल तर चालू करा.

सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढत असाल तर गोष्ट पूर्ण वेगळी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ताकद ६ डेसिबलने घटते. म्हणजे मध्ये ६ डेसिबल खाणारी भिंत किंवा झाडी आली की उगम दुप्पट लांब दिसतो. इथे चूक मीटरमध्ये नसते, पटीत असते: १० मीटरवर ती ५ मीटरची असेल तर १०० मीटरवर ५० मीटरची. म्हणून गणित अंतराच्या लॉगरिदमवर करा. मग जवळच्या रीडिंगना आपोआप जास्त वजन मिळतं. बीकन किती ताकदीने प्रक्षेपण करतो ते माहीत नसेल तर ती अज्ञात राशी धरा. तेव्हा दोन जागांवरून अंतरांचं फक्त गुणोत्तर कळतं, आणि त्यातूनही वर्तुळच मिळतं, अपोलोनियसचं वर्तुळ. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असते आणि परावर्तनांमुळे ताकद त्याच्या अर्ध्या अंतरातही बरीच खालीवर होते. त्यामुळे एका जागी थांबून पन्नास रीडिंगची सरासरी काढण्यापेक्षा मीटरभर सरकत घेतलेली सरासरी कितीतरी चांगली.

किती रीडिंग हव्यात याचं उत्तरही यातच आहे. उगमाभोवती पूर्ण फेरीत सारख्या अंतराने एकूण ‘न’ इतकी रीडिंग घेतली आणि प्रत्येकातली चूक स्वतंत्र असली, तर प्रत्येक निर्देशकातली चूक एका रीडिंगच्या चुकीला (२ ÷ न) च्या वर्गमुळाने गुणल्याएवढी होते. १ मीटर चूक आणि ५० रीडिंग, तर २० सेंटिमीटर. प्रत्यक्षात हा आकडा क्वचितच हाती येतो, कारण चुका स्वतंत्र नसतात. एकाच भिंतीआडून घेतलेल्या दहा रीडिंगमध्ये तीच एक चूक दहा वेळा येते. फेरीभर विखुरलेली तीस रीडिंग एका जागच्या तीनशेंना भारी पडतात.

आणि अडथळ्यामुळे येणारी चूक नेहमी एकाच दिशेची असते. वेळेवर आधारलेल्या मापात सरळ वाट बंद झाली की सिग्नल वळसा घालून येतो. अंतर वाढतं, कमी कधी होत नाही. साध्या लीस्ट स्क्वेअर्सला हे कळत नाही, तो एका वाईट रीडिंगपुढे चार चांगल्या रीडिंग वाकवतो. ह्यूबरसारखं, मोठ्या फरकांचं वजन कमी करणारं फलन वापरा. त्याहून चांगलं म्हणजे शिल्लक फरक नकाशावर मार्गासोबत रंगवून पाहा. बाकी सगळीकडे फरक अधिक-उणे अर्धा मीटर आणि मार्गाच्या एका सलग तुकड्यावर अधिक ४, असं दिसलं तर त्या तुकड्यातून बीकन दिसत नाही हे उघड आहे. ती रीडिंग काढा आणि पुन्हा सोडवा. हे चित्र काढायला पाच मिनिटं लागतात, आणि प्रोग्राममधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा ते जास्त सांगतं.

उडतानाच उत्तर हवं असेल तर बहुतेकजण थेट एक्स्टेंडेड काल्मन फिल्टरकडे, म्हणजे प्रत्येक रीडिंगनंतर एकच अंदाज आणि त्याची अनिश्चितता सुधारत नेणाऱ्या पद्धतीकडे, जातात. सुरुवातीला तो इथे चालत नाही. पहिल्या रीडिंगनंतर उगमाची शक्य जागा म्हणजे एक पूर्ण कडं असतं, थोडं सरळ उडाल्यावर दोन ठिपके असतात. काल्मनला एकच लंबवर्तुळ माहीत, त्यामुळे तो एक बाजू पकडतो आणि खात्रीने चुकतो. दोन मितींसाठी मी साध्या चौकटींच्या जाळीची शिफारस करतो: ४०० × ४०० मीटरचा भाग २ मीटरच्या चौकोनांत वाटला तर ४०,००० चौकोन होतात. प्रत्येक रीडिंगनंतर प्रत्येक चौकोनाची शक्यता गुणून अद्ययावत करणं लहान प्रोसेसरलाही जड नाही. आरशातली जोडी त्यात डोळ्यांनी दिसते, आणि वळण घेतलं की एक ठिपका विरताना दिसतो. तो पूर्ण गेला की काल्मन सुरू करा. तीन मिती असतील किंवा उगम हलत असेल तर जाळी फार मोठी होते, तिथे पार्टिकल फिल्टर, म्हणजे जाळीऐवजी विखुरलेले अनेक अंदाज सांभाळणारी पद्धत, बरा.

हलत्या उगमाबद्दल एवढंच: उगम स्थिर वेगाने सरळ जात असेल आणि तुम्हीही स्थिर वेगाने सरळ उडत असाल, तर अंतरांच्या वर्गाचा आलेख हा वेळेचा एक पॅराबोला होतो. त्यातून तीनच आकडे निघतात आणि अज्ञात चार आहेत. सेन्सरने वळल्याशिवाय हे सुटत नाही, कितीही वेळ मोजत राहिलात तरी.

शेवटी एक तपासणी, जी उत्तरावर विसंबण्याआधी करावीच. जीपीएसची जागा आणि अंतराचं रीडिंग एकाच क्षणाची असतात असं आपण धरून चालतो, पण बहुतेक जोडणीत त्यांच्यात काही मिलिसेकंदांचा फरक असतो. सेकंदाला १० मीटर वेगाने उडताना १०० मिलिसेकंद म्हणजे १ मीटर. बीकन माहीत असलेल्या जागी ठेवा आणि त्याच्या बाजूने तीच सरळ रेषा एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे उडा. बाजू आधीच माहीत असल्याने इथे आरशाचा प्रश्न नाही. दोन उड्डाणांची उत्तरं वेगवेगळी सोडवा. ती मार्गाच्या दिशेत एकमेकांपासून २ मीटर सरकलेली आली, तर उशीर १०० मिलिसेकंदांचा आहे. तेवढी वेळ रीडिंगवरच्या वेळेच्या नोंदीतून दुरुस्त करा. दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळली पण खऱ्या जागेपासून दोन्ही सारखीच, मार्गाला आडव्या दिशेत सरकली, तर दोष अंतरातल्या कायमच्या वाढीत किंवा उंचीत शोधा. दोन्ही मार्गाच्याच दिशेत सारखी सरकली, तर बीकनची स्वतःची जागा पुन्हा मोजा किंवा, ड्रोनचं नाक दोन्ही वेळा एकाच दिशेला असेल तर, अँटेना ड्रोनवर जीपीएसपासून किती अंतरावर बसवली आहे ते पाहा.